सीटी स्कॅनला पैसा कुणी दिला?

बीटल्सच्या रेकॉर्डी तुफान खपल्या आणि त्या पैशातून सीटी स्कॅनचा शोध लागला, असा मेसेज अधूनमधून माझ्याकडे येतो. गोष्ट झकास आहे, पण अर्धीच खरी. उरलेली अर्धी आपल्या जास्त कामाची आहे, म्हणून लिहितोय.

१८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि हाडं दिसू लागली. कवटीतला मेंदू मात्र दिसेना. मग १९१९ पासून डॉक्टर कमरेत सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचे, त्या जागी हवा सोडायचे आणि एक्स-रे घ्यायचे. पेशंटला असह्य डोकेदुखी, उलट्या. एवढं सोसूनही गाठ दिसायची नाहीच. हवेची पोकळी एका बाजूला सरकलेली दिसली की गाठ कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, बस्स! असं पन्नास वर्षं चाललं.

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या विम्बल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मोर्ली या सरकारी हॉस्पिटलात एका बाईंच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन झाला. मेंदूतली गाठ चित्रात सरळ दिसली. मशीन बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड ईएमआय कंपनीत इंजिनिअर होते. आपल्या आजोबांच्या रेकॉर्डीवरचा तो एचएमव्हीचा कुत्रा, त्याच घराण्यातली ही कंपनी. १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना नोबेल मिळालं.

आता पैशाचं. या कामात ब्रिटनच्या आरोग्य खात्याने घातलेली रक्कम ईएमआयपेक्षा जास्त होती, हे अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवलंय. म्हणजे ज्या मशीनला आपण बड्या खासगी हॉस्पिटलची चीज समजतो, ते मुळात करदात्यांच्या पैशावर आणि सरकारी दवाखान्यात उभं राहिलं.

ते का लागतं, हेही समजून घ्या. पक्षाघातात बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काही वेळा ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. गुठळी असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, निवाडा तिथेच होतो.

बाइकवरून पडलेल्या पोराचंही तसंच. कधी कधी तो उठतो, बोलतो, चहा पितो, आणि काही तासांत बेशुद्ध होतो. कवटीच्या आत रक्त साठत असतं. स्कॅनमध्ये ते भिंगासारख्या आकाराचं दिसतं. वेळेत काढलं तर पोरगा वाचतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी पुढारी मतं मागायला दारात आले की तीन प्रश्न विचारा. आपल्यापासून सर्वांत जवळचं सरकारी सीटी मशीन कुठे आहे? रात्री दोन वाजता ते चालू असतं का? आणि त्या वेळी स्कॅन वाचणारा डॉक्टर मिळतो का?

नुसत्या उद्घाटनाच्या फोटोवर समाधान मानू नका. साडेचार तासांचं घड्याळ फीत कापण्याची वाट बघत नाही.