पात्रता फेरी आणि राखीव जागा : बिश्केकच्या मैदानावरून गुणवत्तेचा प्रश्न

१७ ऑक्टोबर २०२५. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. १७ वर्षांखालील मुलींच्या आशियाई चषकाची पात्रता फेरी. गटात तीनच संघ होते : भारत, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान. चार दिवसांपूर्वी भारताच्या मुलींनी यजमान किर्गिझस्तानला २-१ ने हरवले होते. शेवटच्या सामन्यात उझबेकिस्तानने पहिला गोल केला. उत्तरार्धात आपल्या मुलींनी दोन गोल परत केले आणि हाही सामना २-१ ने जिंकला. २०२६ मध्ये चीनमध्ये होणाऱ्या मुख्य स्पर्धेत भारताची जागा पक्की झाली. याआधी या वयोगटात भारत २००५ साली आशियाई स्पर्धा खेळला होता, पण तेव्हा पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती. म्हणजे पात्रता फेरी खेळून जागा मिळवण्याची ही पहिलीच वेळ.

क्रिकेटवेड्या माध्यमांनी ही बातमी कोपऱ्यात टाकली. ते नेहमीचेच आहे. मला मात्र या निमित्ताने वेगळा मुद्दा मांडायचा आहे. आरक्षणाचा विषय निघाला की आपल्याला एक वाक्य हमखास ऐकवले जाते : "खेळात बघा, तिथे आरक्षण नसते, तिथे फक्त मेरिट चालते." मित्रांनो, हे वाक्य ऐकून आपली पोरे गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. ज्याने जागतिक फुटबॉलचे नियम एकदा तरी वाचले आहेत, तो हे वाक्य बोलूच शकत नाही.

२०२५ साली मोरोक्कोत झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे वाटप बघा. एकूण २४ जागा. आशियाला ४, यजमान धरून आफ्रिकेला ५, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनला ४, दक्षिण अमेरिकेला ४, ओशनियाला २ आणि युरोपला ५. जगातले सर्वांत बलाढ्य २४ संघ निवडायचे ठरवले असते, तर युरोपातले कितीतरी संघ आत आले असते आणि ओशनियाची दुसरी जागा उरलीच नसती. ती जागा होती म्हणून सामोआ हा दोन लाखांच्या आसपास लोकसंख्येचा बेटांचा देश पहिल्यांदा विश्वचषकात उतरला. याला काय म्हणायचे? प्रत्येक खंडासाठी जागा आधी राखून ठेवायच्या आणि त्या जागांसाठी त्या-त्या खंडात स्पर्धा घ्यायची, हीच ती पद्धत. पात्रता फेरी म्हणजे राखीव जागेसाठीची स्पर्धा. आपल्याकडे राखीव जागेसाठी परीक्षा होते, गुण लागतात, यादी लागते, अगदी तसेच. मग सामोआच्या मुलींना 'कोट्यातून आलेल्या' असे कोणी हिणवत नाही आणि आपल्या वस्तीतून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या मुलीला मात्र पाच वर्षे ते ऐकावे लागते, हे का?

हे खंडनिहाय वाटप फिफाच्या मोठ्या मनातून आलेले नाही. ते लढून मिळवलेले आहे. १९६६ च्या पुरुषांच्या विश्वचषकात १६ जागा होत्या. त्यातल्या १० युरोपीय देशांकडे गेल्या. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिघांना मिळून एक जागा! आफ्रिकेच्या विजेत्याने पुन्हा आशिया-ओशनियाच्या विजेत्याशी खेळायचे आणि मग इंग्लंडला जायचे. तेव्हा घाना आफ्रिकेचा विजेता होता. १९६३ आणि १९६५ अशी दोन्ही वेळा त्याने आफ्रिका चषक जिंकला होता. त्या घानाने क्वामे न्क्रुमा यांच्या काळात पुढाकार घेतला आणि आफ्रिकेतल्या देशांनी पात्रता फेरीवरच बहिष्कार टाकला. फिफाने दंड ठोकला, पण हे देश मागे हटले नाहीत. अखेर १९७० च्या विश्वचषकासाठी आफ्रिकेला हक्काची एक जागा द्यावी लागली. त्या जागेवर मोरोक्को गेला.

आता पुढे बघा. ज्या घानाने बहिष्काराचे नेतृत्व केले, त्याच घानाच्या मुलींनी २०१२ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात जर्मनीला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. २०२२ साली नायजेरियाच्या मुलींनी याच स्पर्धेत जर्मनीलाच हरवून तिसरा क्रमांक पटकावला, आणि तो सामना झाला आपल्या नवी मुंबईत. 'आधी लायक व्हा, मग जागा देऊ' ही अट १९६६ साली आफ्रिकेने मान्य केली असती, तर हे दिवस कधी आले असते? जागा आधी मिळाली, मैदान मिळाले, मोठ्या संघांशी खेळण्याचा सराव मिळाला. कर्तृत्व त्यानंतर दिसले. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी प्रतिनिधित्व मागितले, तेव्हा 'आमची दया करा' असे म्हटले नव्हते. संविधानाच्या अनुच्छेद १६ (४) मध्येही भाषा दयेची नाही. सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागासवर्गाची आहे.

भारताने स्वतःही फुटबॉलमधली राखीव जागा घेतलेली आहे. २०२२ चा मुलींचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून भारताला पात्रता फेरी न खेळता प्रवेश मिळाला. भुवनेश्वरमध्ये आपण अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे हरलो. तीन सामन्यांत १६ गोल खाल्ले, एकही केला नाही. तेव्हा एरवी मेरिटचा जप करणाऱ्यांपैकी कोणी 'यजमानांचा कोटा रद्द करा' असे आंदोलन केले का? नाही केले, आणि करायलाही नको होते. त्या मुलींना ती जागा मिळाली, हे योग्यच झाले. त्या पराभवांमुळेच बिश्केकचा विजय मिळाला, असा सोपा हिशेब मी मांडणार नाही; संघ वेगळा होता, प्रशिक्षक वेगळे होते. पण संधीला न्याय द्यायला वेळ लागतो, हे जर फुटबॉलमध्ये मान्य आहे, तर नोकरीत आणि शिक्षणात का नाही?

कोणी म्हणेल, खंडांचा कोटा भौगोलिक आहे, त्याची तुलना जातीच्या आरक्षणाशी कशी होईल? फरक आहेच. पण तो आपल्या बाजूचा आहे. सामोआला फुटबॉल खेळायला कोणत्या धर्मग्रंथाने मनाई केली नव्हती. आपल्याला शिक्षण, संपत्ती, पाणवठा, सगळ्यालाच मनाई होती. केवळ भूगोलासाठी जागा राखणे जगाला न्याय्य वाटते, तर हजारो वर्षांच्या बंदीसाठी ते अधिकच न्याय्य ठरते.

आणि मैदानापर्यंत पोचायच्या आधीही एक पात्रता फेरी असते. तिची बातमी होत नाही. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मदाखला लागतो, परदेशी जायला पासपोर्ट लागतो. २०१३ साली झारखंडमधल्या रांचीजवळच्या ओरमांझी भागातल्या मुली स्पेनला एका स्पर्धेसाठी निघाल्या होत्या. जन्मदाखला मागायला गेल्यावर पंचायत कार्यालयात आपल्याला थापडा मारल्या, झाडू मारायला लावले, असे त्या मुलींनी सांगितले आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. त्याच मुली स्पेनमधल्या गास्तेइझ चषकात तिसऱ्या आल्या. २०२२ च्या विश्वचषकातल्या भारतीय संघात झारखंडच्या ६ मुली होत्या. कर्णधार अष्टम उरांव गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता बांधायला घेतला, तेव्हा त्या रस्त्यावर रोजंदारीने काम करत होते तिचेच आईवडील. लेक देशाची कर्णधार, आणि आईवडील तिच्याच रस्त्यावर माती टाकतात! गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या एका चित्राचे उत्तर द्यावे.

याच झारखंडच्या मातीतले जयपाल सिंह मुंडा १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार होते. पुढे संविधान सभेत ते आदिवासींच्या हक्कांसाठी उभे राहिले. मैदानावरचा सन्मान पुरेसा नाही, निर्णय जिथे होतात त्या सभागृहातही आपला माणूस हवा, हे त्यांनी ओळखले होते. आजचा प्रश्नही तोच आहे. घाम गाळायला आमच्या मुली चालतात; पण निवड समितीत कोण बसते? प्रशिक्षक कोण होते? संघटनेच्या खुर्च्या कोणाकडे आहेत? २०२२ साली याच वयोगटाच्या संघाच्या युरोप दौऱ्यात गैरवर्तनाचा आरोप झाल्यावर एका सहायक प्रशिक्षकाला काढावे लागले होते. अशा वेळी तक्रार करणाऱ्या मुलीला आपले वाटेल असे कोणी त्या यंत्रणेत आहे का, हाही प्रतिनिधित्वाचाच प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली, 'खेळात आरक्षण नसते' असे कोणी म्हणाले की त्याच्यापुढे त्या २४ जागांचे वाटप ठेवा आणि १९६६ सांगा. दुसरी, आपल्या वस्तीत फुटबॉल खेळणाऱ्या मुली असतील, तर जयंतीच्या व्यासपीठावर त्यांचा सत्कार करून थांबू नका. त्यांचे जन्मदाखले, जातीचे दाखले, पासपोर्ट यांसाठी तहसील कचेरीत त्यांच्यासोबत जा. बिश्केकची फेरी त्या स्वतः जिंकतात. कचेरीतली फेरी त्यांना एकटीने खेळावी लागू नये, एवढे तर आपण करू शकतो.

जय भीम!