जनरल भोसले आणि आझाद हिंदचे भांडवल

आझाद हिंद सेनेचा विषय निघाला की सुभाषबाबूंचे लष्करी गणवेशातले छायाचित्र डोळ्यांसमोर येते. त्यापाठोपाठ शहानवाज, सहगल, धिल्लन आणि कॅप्टन लक्ष्मी ही नावे आठवतात. पण या सेनेतला एखादा मोठा मराठी अधिकारी सांगा म्हटले, तर आपल्यापैकी बरेच जण विचारात पडतील. या सेनेच्या मुख्यालयाचा कारभार सांभाळणारे मेजर जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले हे अस्सल कोकणातले, सावंतवाडीच्या परिसरातल्या तिरोडे गावचे.

हा लेख त्यांच्याविषयी आहे. त्याचबरोबर त्या सेनेत पैसा कोणी घातला, त्याविषयीही आहे. मायदेशापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे दोन्ही विषय जवळचे वाटावेत, कारण ही सेना परदेशात उभी राहिली आणि तिचा बराचसा भार परदेशी स्थायिक झालेल्या हिंदी माणसांनी उचलला.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ चा. लष्करी शिक्षण डेहराडूनला आणि नंतर इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला. त्या काळी हिंदी मुलाला सँडहर्स्टमध्ये प्रवेश मिळणे म्हणजे आजच्या भाषेत लॉटरी लागण्यासारखेच. वर्षाला मोजक्याच जागा, आणि त्यासाठी घराणे, शिफारस, इंग्रजी रीतीभाती असे सगळे लागे. तिथून बाहेर पडलेला अधिकारी 'किंग्ज कमिशन' घेऊन येई आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये त्यांच्याबरोबर जेवायला बसे. पगार, मान, निवृत्तिवेतन, सगळे पक्के. भोसले लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. म्हणजे १९४२ साली गमावण्यासारखे ज्यांच्याकडे पुष्कळ होते, अशांपैकी ते एक होते.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५,००० हिंदी सैनिकांना जमवून एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या ताब्यात दिले. ज्या साम्राज्याशी इमान राखण्याची शपथ घेतली, त्यानेच आपल्याला वस्तू सोपवावी तसे सोपवले, ही भावना त्या मैदानावर अनेकांना झाली. कॅप्टन मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली, आणि तिच्या हिंदुस्तान फील्ड फोर्सचे नेतृत्व भोसल्यांकडे आले.

इथे जरा थांबायला हवे. सगळेच सैनिक या सेनेत गेले नाहीत. हजारो जणांनी शपथ मोडायला नकार दिला. त्यांपैकी अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या बेटांवर मजुरीला पाठवले, आणि त्यांतले कितीतरी तिथेच संपले. जे सेनेत गेले त्यांची कारणेही एकसारखी नव्हती. कोणी देशासाठी गेले, कोणी छावणीतल्या हालांतून सुटायला, कोणी आपला अधिकारी गेला म्हणून. इतिहास घरात बसून वाचताना या निवडी सोप्या वाटतात. उपाशीपोटी, परक्या देशात, घरची खबर नसताना त्या तशा नसणार.

डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंगांचे जपान्यांशी बिनसले. त्यांना अटक झाली आणि सेना जवळजवळ विसर्जित झाली. त्या पडत्या काळात रासबिहारी बोस यांनी नव्याने जी घडी बसवली, तीत लष्करी विभागाचे संचालक म्हणून भोसले आले. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला पोहोचले तेव्हा त्यांना डळमळलेली, पण टिकून राहिलेली सेना मिळाली. ती टिकवणाऱ्यांत भोसल्यांचा वाटा होता. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, तेव्हा मंत्रिमंडळातल्या सेनेच्या प्रतिनिधींमध्ये त्यांचे नाव होते. रणांगणावरच्या शौर्यकथा त्यांच्या नावावर सांगितल्या जात नाहीत. त्यांचे काम मुख्यालयाचे होते. भरती, शिस्त, नेमणुका, रसद यांचा मेळ घालण्याचे. असे काम करणाऱ्यांचे पोवाडे होत नाहीत. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मखर कोणी बांधले ते सगळ्यांना ठाऊक असते, पण हॉलचे बुकिंग आणि विमा कोणी पाहिला ते कोण विचारतो?

आता पैशाकडे वळू. सरकार म्हटले की तिजोरी आली. जपानकडून शस्त्रे आणि मदत मिळत होती, पण आपण कोणाचे आश्रित दिसू नये हा सुभाषबाबूंचा कटाक्ष होता. म्हणून पैसा मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश आणि थायलंडमधल्या हिंदी लोकांकडून उभा करायचा ठरला. चेट्टियार सावकार, गुजराती आणि मेमन व्यापारी, सिंधी दुकानदार, पंजाबी पहारेकरी, रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर, सगळ्यांपुढे झोळी गेली. एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला आझाद हिंद बँक सुरू झाली. सौराष्ट्रातल्या धोराजीहून जाऊन रंगूनला स्थायिक झालेले व्यापारी अब्दुल हबीब युसुफ मरफानी यांनी त्याच वर्षी आपली जवळजवळ सगळी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, सरकारच्या हवाली केली. स्त्रियांनी बांगड्या आणि मंगळसूत्रे काढून दिली.

हे सारे निव्वळ प्रेमाने झाले असे लिहिणे खोटेपणाचे होईल. ऑक्टोबर १९४३ मध्ये सिंगापूरच्या व्यापाऱ्यांपुढे सुभाषबाबू फार कडक बोलले. युद्ध पुकारल्यावर कोणाचा जीव आणि मालमत्ता त्याची एकट्याची राहत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मालमत्तेचा ठरावीक हिस्सा आकारला जाऊ लागला, आणि मागे जपानी संगिनींची सावली होतीच. मरफानींसारख्यांनी ओंजळ भरून दिले, काहींनी दात-ओठ खाऊन दिले. मळ्यावरच्या मजुराने दिलेला रुपया मात्र, त्याच्या कमाईच्या मानाने, कोणाही शेठजीच्या देणगीपेक्षा लहान नव्हता.

आमच्या आयटी क्षेत्रात 'प्रायव्हेट इक्विटी' हा शब्द रोज कानावर पडतो. ग्राहक कंपनी अशा एखाद्या फंडाने विकत घेतली की आम्हा कन्सल्टंट मंडळींची प्रोजेक्ट्स एक तर रातोरात वाढतात, नाही तर रातोरात बंद होतात. हे फंड पेन्शन फंड, विद्यापीठे, श्रीमंत घराणी यांचा पैसा गोळा करतात, कंपन्यांत घालतात, साधारण पाच-सात वर्षे थांबतात आणि हिस्सा विकून बाहेर पडतात. वरच्या नफ्यातला साधारण पाचवा हिस्सा फंड चालवणाऱ्यांचा, असा दंडक असतो. बाहेर पडण्याला ते 'एक्झिट' म्हणतात, आणि पैसे घालायच्या आधीच एक्झिटचा विचार झालेला असतो. वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी फर्मने १९९९ पासून भारतीच्या दूरसंचार कंपनीत सुमारे ३० कोटी डॉलर गुंतवले आणि २००५ पर्यंत हिस्सा विकत विकत दीड अब्ज डॉलरहून अधिक मिळवले. यात वावगे काही नाही. अशा पैशातूनच भारतात मोबाइलचे मनोरे उभे राहिले, आणि 'ट्रंक कॉल लागला का' म्हणत पोस्टात ताटकळणारे आपले आईवडील घरातून आपल्याशी बोलू लागले. तरीही ते भांडवल हिशेब करून आले आणि हिशेब पुरा करून गेले.

हीच फूटपट्टी १९४४ च्या रंगूनला लावून पाहा. धोका पुरेपूर, मुदत अनिश्चित, एक्झिट शून्य. देणाऱ्याच्या हाती फार तर एखादे पदक. गुंतवणुकीचा अहवाल मांडायचा तर तो असा. मार्च १९४४ मध्ये इंफाळच्या दिशेने मोहीम निघाली. आझाद हिंद सेनेचे सुमारे ६,००० जवान त्या आघाडीवर गेले. लढाईत सुमारे ४०० पडले, आणि भूक, हिवताप, आमांश यांनी त्याच्या तिपटीहून अधिक नेले. पावसाळ्यात माघार झाली. एप्रिल १९४५ च्या अखेरीस नेताजींनी रंगून सोडले आणि पाठोपाठ ब्रिटिश सैन्याने शहर घेतले. बँक बंद झाली. जपान्यांनी छापलेल्या नोटा रद्दीच्या भावाच्या झाल्या. ऑगस्ट १९४५ च्या विमान अपघातानंतर सापडलेले, जळून वितळलेले सोन्याचे दागिने काही वर्षे टोकियोत राहिले आणि १९५२ मध्ये दिल्लीला आले. वजन सुमारे ११ किलो. ज्यांनी ते अंगावरून उतरवून दिले त्यांच्यापर्यंत त्यातला गुंजभरही परत गेला नाही.

आणखी एक गोष्ट आपण मराठी माणसांनी विसरू नये. त्याच मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाक गावी जपान्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. त्याच जुलैमध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका बाजूला तिरोड्याचे जनरल भोसले, दुसऱ्या बाजूला कोकणातले आणि देशावरचे हे जवान. यांतल्या कोणाला गद्दार म्हणायचे? मला विचाराल तर कोणालाच नाही. एकाने शपथ पाळली, दुसऱ्याने ती शपथ कोणी घ्यायला लावली हे विचारले. देश दोघांचा होता.

जपानच्या शरणागतीनंतर भोसले बँकॉकला होते. तिथून इंग्रजांच्या कैदेत ते भारतात आले. दरम्यान ५ नोव्हेंबर १९४५ ला लाल किल्ल्यात शहानवाज, सहगल आणि धिल्लन यांच्यावरचा खटला सुरू झाला होता. मुंबईचे नामांकित वकील भुलाभाई देसाई यांनी मुद्दा मांडला, की गुलाम जनतेला मुक्तीसाठी युद्ध करण्याचा हक्क आहे. कोर्टाने दोषी ठरवले, पण जन्मठेपेची शिक्षा सरसेनापती ऑकिनलेक यांना जानेवारी १९४६ मध्ये माफ करावी लागली. लगेच १८ फेब्रुवारीला मुंबईत 'तलवार' या नाविक तळावर बंड पेटले. खलाशांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती. मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे गोळीबारात गेली. हिंदी सैनिकाच्या बळावर हिंदुस्थान ताब्यात ठेवता येणार नाही, हे इंग्रजांना त्या हिवाळ्यात कळून चुकले. ज्या गुंतवणुकीचे मुद्दलसुद्धा रंगूनला बुडाले होते, तिचा परतावा असा दिल्ली-मुंबईत उगवला. आणि तो मिळाला भलत्यांनाच, म्हणजे आपल्याला.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? आझाद हिंदच्या लोकांना भारतीय लष्करात परत घेतले गेले नाही. स्वातंत्र्यसैनिकांचे निवृत्तिवेतन मिळायला १९७२ उजाडावे लागले, आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात त्यांचे नव्वदी ओलांडलेले मोजके शिलेदार प्रथम दिसले ते २०१९ साली. भोसल्यांनाही गणवेश परत मिळाला नाही. १९५२ मध्ये ते रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीनंतर आलेल्या सुमारे ७२-७३ लाख निर्वासितांचा प्रश्न समोर होता.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोलाचे काम इथून सुरू होते. १९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरमधल्या कस्तुरबा निकेतनात त्यांनी निर्वासित मुलांसाठी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. घरदार गमावलेली, आईबाप गमावलेली ती मुले. त्यांना कवायत, व्यायाम, समूहगीते, स्वच्छता, रांगेत उभे राहणे, आपल्या देशाची ओळख. बंदूक कुठेच नाही. ही योजना पुढे अनेक राज्यांतल्या शाळांत पोहोचली. १९६३ मध्ये भोसले गेले, आणि दोन वर्षांनी ती दुसऱ्या मोठ्या योजनेत विलीन झाली. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या कोणी भारतात शाळेच्या मैदानावर 'एक, दो, तीन, चार'च्या तालावर सामूहिक कवायत केली असेल, तर त्यामागे कुठेतरी या कोकणी जनरलचा हात असू शकतो.

आपण परदेशात दोन पैसे कमावतो. भारतात फ्लॅट घेतो, म्युच्युअल फंडात घालतो, परतावा किती टक्के ते पाहतो. पाहायलाच हवे, मुलांची कॉलेजे आहेत. पण अधूनमधून आपण एखाद्या गावच्या शाळेला, वाचनालयाला, दुष्काळी भागातल्या कामाला पैसे पाठवतो, तेव्हा 'याचा उपयोग होतो का' असा प्रश्न हमखास निघतो, आणि निघावाही. हिशेब जरूर मागावा. मात्र परतावा आपल्याच नावे, आपल्याच हयातीत दिसावा, हा आग्रह रंगूनच्या त्या हिंदी माणसांनी धरला असता तर काय झाले असते, याचाही विचार करावा.

पुढच्या भारतभेटीत दिल्लीला गेलात तर लाल किल्ल्यातले नेताजी आणि आझाद हिंद सेनेचे संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. ते २०१९ मध्ये सुरू झाले. आणि गोव्याला जाताना सावंतवाडीला लाकडी खेळणी घ्यायला थांबाल, तेव्हा मुलांना एवढे सांगा, की इथल्याच एका माणसाने पक्की नोकरी आणि मानाचा हुद्दा पणाला लावला, आणि शेवटी तो निर्वासित पोरांना शिस्तीने उभे राहायला शिकवत राहिला.