रात्री एकचं अभ्यंगस्नान

२०२३ साली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, रविवारी, १२ नोव्हेंबरला. चिखलीत आई पहाटे साडेपाचला उटण्याची वाटी घेऊन उठवायला येते, तेव्हा जर्मनीत रात्रीचा एक वाजलेला असतो. मी वोल्फ्सबुर्गमध्ये होतो. चाकणच्या कारखान्याशी संबंधित सॉफ्टवेअरचं काम, सहा महिन्यांचा मुक्काम, एका घराच्या वरच्या मजल्यावरची भाड्याची खोली. आईला शब्द दिला होता म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून बरोब्बर एक वाजता अंघोळीला गेलो. उटणं पार्सलमधून आलेलं होतं. कारीट कुठून आणणार? चेरी टोमॅटो डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडला. (कारटापेक्षा बरा फुटतो.) फोनवर आई हसली, मागे फटाक्यांची लड वाजली, आणि मी शॉवर बराच वेळ चालू ठेवला.

जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ. सकाळी घरमालकीणबाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी माफीचं वाक्य मनात जुळवत होतो. साठीला टेकलेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना? रात्री एक वाजता माणूस एवढा वेळ अंघोळ करतो, म्हणजे ताप तर नाही?"

मी दिवाळी समजावली. आदल्याच दिवशी, ११ तारखेला, तिकडच्या सेंट मार्टिनच्या सणाला लहान मुलं हातात कागदी कंदील घेऊन गल्लीतून फिरली होती. चालणारे आकाशकंदीलच ते. त्यामुळे दिव्यांचा सण त्यांना चटकन कळला. पण त्यांनी पुढे जे विचारलं ते दिव्यांबद्दल नव्हतं. "घरी जाणारी गाडी नाही मिळाली का?"

गाडी? मला आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी वडिलांची हकीकत सांगितली, आणि ज्या शहरात मी तीन महिने नुसता ऑफिस ते खोली करत होतो त्याचा इतिहास मला पहिल्यांदा कळला.

वोल्फ्सबुर्ग हे जुनं गाव नाही. १९३८ साली नाझी राजवटीने मोटारीच्या कारखान्यासाठी ते वसवलं, आणि आजचं नावसुद्धा १९४५ सालचं. युद्धकाळात तिथे सक्तीने आणलेले मजूर राबले. युद्धानंतर पूर्व जर्मनीतून पळून येणाऱ्यांनी कामगारांची गरज भागवली. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि ती वाट बंद झाली. जर्मनी आणि इटली यांच्यात कामगार आणण्याचा करार २० डिसेंबर १९५५ लाच झाला होता. त्याच्या आधारे १९६२ च्या जानेवारीपासून इटालियन तरुण फोक्सवॅगनमध्ये यायला लागले, बहुतेक दक्षिणेकडच्या शेतकरी घरांतले. त्यांना 'गास्टआर्बायटर' म्हणत, म्हणजे पाहुणा कामगार. पाहुण्याला कामाला लावणारी ही भाषा मला थोर वाटते. बर्लिनर ब्रुक नावाच्या पुलाजवळ त्यांच्यासाठी लाकडी बराकी बांधल्या. भोवती कुंपण, दारावर पहारा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी राहण्याच्या हालांवरून काम बंद पाडलं होतं. आणि डिसेंबर आला की खास गाड्या सोडल्या जात, वोल्फ्सबुर्गहून थेट इटलीकडे, ख्रिसमससाठी.

बाईंचे वडील त्यांतलेच एक. पहिले दोन ख्रिसमस ते त्या गाडीने गेले. तिसऱ्या वर्षी पैसे साठवायचे म्हणून राहिले. बराक रिकामी झाली, तेव्हा सोबत काम करणाऱ्या एका जर्मन पोराच्या आईने त्यांना जेवायला बोलावलं. पुढे ते त्याच घरचे जावई झाले. बाई म्हणाल्या, वडील जन्मभर त्या जेवणाचे आभार मानत राहिले. आणि जन्मभर, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की कुणाशी बोलत नसत. आजीला वाईट वाटायचं, आपलं काही चुकलं का म्हणून.

हे गप्प होणं मला ओळखीचं होतं.

माझे पप्पा पाटण तालुक्यातले. आयटीआयला टर्नरचा कोर्स करून १९८८ साली भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. राहायला आकुर्डीत दहा बाय दहाची खोली, चौघांत मिळून. तेव्हा पिंपरी-चिंचवड नुकतंच महानगरपालिका झालेलं शहर होतं. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका. त्याआधी मोरया गोसावींचं चिंचवड, चापेकरांचं चिंचवड, बाकी पवनेच्या काठची शेतकऱ्यांची गावं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली. माझ्या मते हे शहर तिथून सुरू होतं. परत जायला घरच उरलं नाही अशा माणसांपासून. मग १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं उभी राहिली. शाळेत आम्हाला आमच्या शहराचा इतिहास म्हणून ही कारखान्यांची यादीच सांगत. माणसं कुठून आली आणि सणाला कुठे गेली, हे त्यात नसायचं.

खरं तर ते मोजायलाही सोपं आहे. कायद्याने आता किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, आणि तो दिवाळीआधी हातात पडावा अशी रीत आहे. बोनस झाला की वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. सातारा, लातूर, बीड, बुलढाणा, जादा गाड्या, खिडकीतून टाकलेले रुमाल. दोन दिवसांत शहर ओस. मी तिथेच जन्मलो, त्यामुळे लहानपणी मला दिवाळी म्हणजे क्रिकेटला मोकळा रस्ता एवढंच वाटायचं.

पप्पांची एक दिवाळी मात्र हुकली. १९८९ ची. ऑर्डर अडकली होती, सुट्टी मिळाली नाही, तिघे सोबती गावी गेलेले. पहाटे आकुर्डीच्या घरमालकीण आक्कांनी कडी वाजवली. "पोरा, ऊठ. पाणी तापलंय." स्वतःच्या दोन पोरांच्या शेजारी पाटावर बसवून त्यांनी पप्पांना उटणं लावलं. ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला होते. गोष्ट संपली की पप्पा गच्चीवर जातात आणि अर्धा तास खाली येत नाहीत. आई म्हणायची, "गावाकडं बघायला गेलेत." चिखलीच्या गच्चीवरून पाटण दिसत नाही. आक्का वारल्या तेव्हा तेराव्यापर्यंत पप्पा रोज कामावरून परस्पर आकुर्डीला जात होते.

वोल्फ्सबुर्गच्या घरमालकीणबाईंनी त्या रविवारी संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. मी चकली आणि चिवडा घेऊन गेलो. तुपाचे लाडू युरोपात पार्सलने चालत नाहीत असं कुरियरवाल्याने सांगितल्यामुळे आईने ते पाठवले नव्हते, आणि त्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त दुःख होतं. बाईंनी खिडकीत माझ्या पणतीशेजारी दोन मेणबत्त्या लावल्या. छान झालं सगळं. वर खोलीत आल्यावर मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली. इतकं केलं त्या बाईने, तरी मला चिखलीच हवी होती?

अशा वेळी मराठी माणूस आनंदीबाई जोशींपाशी पोचतोच. मीही पोचलो. 'आनंदी गोपाळ' सिनेमा पाहिलेला होता, पण त्या आठवड्यात रोज रात्री मिळेल ते वाचत बसलो. कल्याणच्या या मुलीचं मूल वयाच्या चौदाव्या वर्षी, जन्मानंतर दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे नंबर येण्याची वाट बघताना वाचलं. एवढ्याशा योगायोगावर सगळं उभं आहे. बाईंनी पत्र लिहिलं, ओळख वाढली, आणि एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून निघालेली अठरा वर्षांची आनंदी जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. ती त्यांना मावशी म्हणायची. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिने तीन वर्षं काढली, म्हणजे तीन दिवाळ्या. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. वर्षाअखेर ती परतली ती क्षयाने पोखरलेली. कोल्हापूरच्या दवाखान्यातली जागा तिची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

इथवर आपल्याला ठाऊक असतं. पुढचं मला माहीत नव्हतं. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवली गेली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथे तिच्या नावाचा दगड आजही आहे. ज्या मुलीने परदेशात असताना पेहराव, जेवण, धर्म यांतलं काहीही सोडायला नकार दिला, जी मरायला पुण्यात आली, तिची राख मावशीच्या घरच्यांत आहे. मी हे वाचून लॅपटॉप मिटला. घरची ओढ आणि परक्या घराचे उपकार यांतलं एक खरं असलं तर दुसरं खोटं ठरेल, असं मी धरून चाललो होतो.

मग मला आमच्या घराच्या वरच्या खोल्या आठवल्या. आठवायला नको होत्या.

चिखलीत पप्पांनी गुंठाभर जागा घेऊन घर बांधलं आणि वर तीन खोल्या काढल्या, भाड्याने द्यायला. भाडेकरू बहुतेक बिहारचे, महाळुंगे-निघोजेकडच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेले. त्यांचा खरा सण छठ, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी. पुण्याहून दानापूरला जाणाऱ्या गाड्या तेव्हा दारापर्यंत भरलेल्या असतात. ज्यांना जायला जमत नाही ते मोशीला इंद्रायणीच्या घाटावर जातात, संध्याकाळी मावळत्या सूर्याला आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायला. २०१७ साली मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, परीक्षा तोंडावर होती. वरच्या एका मुलाला रजा मिळाली नव्हती, म्हणून त्याची आईच गावाहून व्रत करायला आली होती. पहाटे तीनला त्यांनी अंघोळीसाठी पाण्याची मोटार लावली. मी जिन्यातून ओरडलो होतो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती बाई ओल्या केसांनी गॅलरीत उभी होती, आणि मुलगा मला "सॉरी भैया" म्हणत होता. वयाने तो माझ्याएवढाच असेल.

भाऊबीजेला पप्पांना फोन केला, तेव्हा त्या मुलाचं विचारलं. "तो? तो गेला की सुरतला, चार वर्षं झाली. आता नवरा-बायको आहेत. तिचा उपास आहे यंदा." मी २०१७ ची गोष्ट काढली. पप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहितीये. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन आलो होतो."

मला त्यांनी सहा वर्षं हे सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी रात्री साडेदहाला मी पुन्हा फोन केला. चिखलीत सोमवारची पहाट होती, तीन वाजले होते. पप्पांनी लगेच उचलला. मागे मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"जागे आहात?"

"टाकी भरतोय," ते म्हणाले. "त्यांना चारला निघायचंय मोशीला. थांब, ओव्हरफ्लो होतंय."