हौद्याची उंची

‘टेंपो’ हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव. 1958 साली नवलमल फिरोदिया यांच्या बजाज टेंपो कंपनीने विडाल अँड सोन या जर्मन कंपनीच्या सहकार्याने गोरेगावात तीनचाकी ‘हॅन्सिएट’ बांधायला सुरुवात केली. पुढे कारखाना आकुर्डीला गेला. नाव मात्र अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक छोट्या मालगाडीला चिकटले.

या गाडीचे इंजिन पुढच्या एकुलत्या एक चाकावर होते आणि जोरही त्याच चाकाला मिळे. मागे शाफ्ट नाही, डिफरन्शिअल नाही. त्यामुळे हौदा खाली ठेवता येई. 1969 मध्ये आलेल्या मॅटाडोरची मूळ जर्मन रचनाही पुढच्या चाकांच्या जोराचीच होती. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हा योगायोगच, पण दोन्हींच्या केंद्रस्थानी एकच माणूस आहे, पाठीवर गोणी घेऊन हौद्याशी उभा असलेला. हौदा वीतभर खाली आला, तर दिवसभरातल्या प्रत्येक गोणीमागे त्याचे तेवढे श्रम वाचतात.

मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पिकअपचा हौदा मात्र उंच गेला. चौकट, तिच्याखाली कमान, कमानीखाली ॲक्सल, अशी ती उतरंड. त्यात जादा माल वाहण्यासाठी कमानीत पाटे वाढवायची रीत पडली. मग रिकामी गाडी मागून उचललेली दिसते आणि खड्ड्यात उडते. आज हलका पण मोठ्या आकाराचा माल, फर्निचर किंवा मंडपाचे सामान, वाहणारे ‘मागून जरा खाली करा’ म्हणतात, ते या इतिहासाच्या उलट दिशेने.

पण कमान ही नुसती गादी नव्हे. ॲक्सल जागेवर धरून ठेवण्याचे कामही तिचेच. वाढवलेला पाटा काढून गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर आणणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. मूळ पाटा काढला तर गाडी खाली येते, पण भार पेलायची ताकदही जाते. तेवढ्याच ताकदीची, कमी बाकाची नवी कमान बसवणे त्याहून बरे. कमानीखालचा ॲक्सल वर घेऊन कमान त्याच्याखाली आणता येते. मात्र त्यासाठी बैठक नव्याने वेल्ड करावी लागते आणि शाफ्टचा कोन बदलतो. पाटा गॅसने तापवून सपाट करणे तर कधीच नको. पोलादाचे पाणी उतरते आणि पाटा भर रस्त्यात तुटतो.

काम कुठलेही असो, यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि काही दिवस गाडी चालल्यावर पुन्हा आवळावेत. भरलेल्या गाडीत ॲक्सल आणि चौकटीखालचा रबर यांत मोकळी जागा उरते का, ब्रेकचा पाइप कुठे घासतो का, हे पाहावे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब मागच्या उंचीवरून ठरतो. गाडी खाली गेली की झडपेला ती भरलेली वाटते, आणि पावसात मागची चाके अडकून गाडी फिरते.

मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 कंपनीने ठरवलेला मूळ तपशील बदलण्यास मनाई करते. म्हणून कमानीला हात लावण्याआधी आरटीओत विचारणे शहाणपणाचे.

2005 साली आलेल्या टाटा एसने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला. जोर मागच्याच चाकांना, पण चाके 12 इंची. उंची कमी झाली ती आराखड्यात, कमानीला धक्का न लावता. गोरेगावच्या त्या तीनचाकीनेही तेच केले होते. हमालाची पाठ वाचवण्याचा विचार गाडी कागदावर असतानाच व्हायला हवा. नंतर तो गॅरेजवाल्याच्या हातोड्यावर सोडला, तर हमालाची पाठ वाचते आणि ड्रायव्हरचा जीव टांगणीला लागतो.