सायकलसाठी पाण्याची बाटली: मोठी घ्यावी की इन्सुलेटेड?

एप्रिलच्या उन्हात सिंहगडाचा घाट चढताना बाटलीतलं पाणी कोमट झालं, की ते प्यावंसंच वाटत नाही. धोका इथेच आहे. उन्हात सायकल चालवताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो आणि बाटली मात्र भरलेलीच राहते.

इन्सुलेटेड बाटलीला दुहेरी भिंत असते. ही भिंत आतली जागा खाते, म्हणून 750 मिलीच्या साध्या बाटलीएवढ्या आकारात साधारण 600 मिलीच पाणी मावतं. प्लास्टिकची असेल तर थंडावा तास-दोन तास टिकतो. रात्री अर्धी बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी वरून पाणी ओता, म्हणजे आणखी टिकेल. स्टीलची बाटली कितीतरी तास पाणी थंड ठेवते, पण ती दाबून पिता येत नाही आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर होल्डरमध्ये खडखडते. ऑफिसला जाण्यापुरती ठीक.

मोठी, म्हणजे 950 मिलीची बाटली घेण्याआधी फ्रेम पाहा. लहान फ्रेममध्ये ती वरच्या नळीला अडते, बाहेर काढताच येत नाही. बहुतेक होल्डर सुमारे 74 मिमी व्यासाच्या बाटलीसाठी असतात. घरातली पाण्याची बाटली त्यात बसेलच असं नाही. शक्यतो सायकल घेऊनच दुकानात जा.

दोन होल्डर असतील तर आमची पसंती: प्यायला इन्सुलेटेड, आणि ती पुन्हा भरायला किंवा डोक्यावर ओतायला साधी मोठी.