दाखल-खारीज ते यू-डायस

वऱ्हाडातल्या जुन्या शाळांत 'दाखल-खारीज' रजिस्टर सापडते. मूल कधी आले, कधी गेले, शाळा का सोडली, हे त्यात एका ओळीत असते. बडनेऱ्यासारख्या रेल्वे जंक्शनच्या गावाचा अभ्यास करताना मला त्यातला कारणाचा रकाना सर्वांत मोलाचा वाटतो.

१९९०च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासोबत 'डाइस' आले. त्याचेच पुढे 'यू-डायस' झाले. शाळेच्या अकरा आकडी क्रमांकात आधी महाराष्ट्राचे २७, मग अमरावतीचे ०७. खोल्या, शौचालये, शिक्षक, पट, सारे मोजले जाऊ लागले. २०१५मध्ये 'सरल'ने प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद ऑनलाइन नेली.

मोजायचे कशासाठी? शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम २२ने शाळा विकास आराखड्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपवले. या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि अनुदानाचा आधार हाच आराखडा मानला आहे. म्हणजे आकडे वर जातात, पण आराखडा खालून यावा, अशी कायद्याची रचना आहे.

पट घटल्याचे पोर्टल सांगते. कुटुंब कामासाठी कुठे गेले आणि केव्हा परतेल, हे पालकच सांगतील. समितीच्या बैठकीत हे दोन्ही एकत्र आले, तरच आकड्यांतून शाळा सुधारेल.