बालवीर आणि त्याचें घर

अंगारकीच्या दिवशीं टिटवाळ्यास महागणपतीच्या दर्शनाला जे गेले असतील, त्यांस तेथील गर्दीचें वर्णन करून सांगावयास नको. कल्याणकडून आलेली गाडी रिकामी होते, रांग लांबत जाते, आणि प्रत्येक आई आपल्या मुलाचें मनगट घट्ट धरून ठेवते. हें मनगट केव्हां सोडावें? प्रश्न लहान दिसतो. पण बालवीर चळवळीचा इतिहास, आमच्या मतें, याच प्रश्नाशीं येऊन ठेपतो.

चळवळीचे जनक बेडन-पॉवेल तीन वर्षांचे असतांना, १८६० सालीं, त्यांचे वडील वारले. मुलांचा सांभाळ आईनें केला. तरी थोरल्या भावाबरोबर होडींतून दूरवर जाण्यास तिनें त्यांस मना केलें नाहीं. पुढें ऑगस्ट १९०७ मध्यें ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची पहिली छावणी भरवितांना त्यांनीं पालकांस आधीं पत्रें लिहिलीं, आणि आपल्या नऊ वर्षांच्या पुतण्यासही बरोबर नेलें.

आपल्या देशांत १९०९ सालीं बंगळुरास पथक निघालें, तें युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांपुरतें. आपल्या मुलांस तें दार बंद होतें. तें कोणी उघडील याची वाट न पाहतां वडीलधाऱ्यांनीं स्वतःचीं पथकें काढिलीं: १९१३ मध्यें शाहजहानपुरास श्रीराम बाजपेयी यांनीं, १९१६ मध्यें मद्रासेस ॲनी बेझंट यांनीं, आणि १९१८ मध्यें प्रयागास पंडित मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनीं. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या बालवीर संस्था एक होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था झाली.

इतक्या खटपटीनें उघडलेलें दार आज आम्ही पालकच आंतून लावून घेतों. गणवेश शिवला, वर्गणी दिली, कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानतों. छावणीचा दिवस आला, कीं परीक्षा आठवते. आम्हीही या दोषांतून मुक्त नाहीं. आमच्या चिरंजिवांच्या छावणीच्या आदल्या रात्रीं आभाळ भरून आलेलें पाहून आम्हीं त्यांची बांधलेली वळकटी सोडविली. ते कांहीं बोलले नाहींत. तें न बोलणें आम्हांस अद्याप बोंचतें.

यात्रेंत चुकलेल्या मुलाचा हात धरून त्यास आईकडे पोंचविणारा बालवीर हाही कोणाच्या तरी घरचा असतो. त्याच्या आईनें त्याचें मनगट वेळेवर सोडलेलें असतें, म्हणूनच दुसरीच्या मुलास तो हात मिळतो.